कलादालनातील भिंतीचा जळफळाट

माझ्याकडे तोंड करून तुम्ही कितीदा तरी उभे राहिला असाल, मित्रांनो. तरीही तुम्ही मला पाहिले आहे, हे मी मान्य करणार नाही. तुम्ही पाहिलीत ती चित्रे. त्यांच्या मागे उभी असलेली, वस्तीच्या कलादालनातील जुनी भिंत ती मी.

माझा जन्म सुताच्या गोदामात झाला. गवंड्याने ओळंबा धरून मला सरळ उभे केले, शाबासकी दिल्यासारखी एक थाप मारली आणि तो निघून गेला. तेवढीच काय ती माझी स्तुती. पुढे गोदाम बंद पडले, वस्तीतल्या लोकांनी तिथे कलादालन काढले आणि मी पांढरी झाले. प्रदर्शन आले की खिळे ठोकायचे, संपले की उपटायचे, भोके लांबीच्या लगद्याने बुजवायची, घासकागद फिरवायचा आणि पुन्हा पांढऱ्याचा हात द्यायचा, अशी इथली रीत. खिळा मी सोसायचा आणि ‘वा!’ चित्राने ऐकायची. याला न्याय म्हणणाऱ्याने एकदा खिळा खाऊन पाहावा.

गेल्या वर्षाचेच सांगते. आरंभी बंद दरवाजांची छायाचित्रे आली. एका गृहस्थांनी त्यांतल्या एका दरवाजापुढे चक्क डोळे पुसले. भिंतीवाचून दरवाजा उभा तरी राहतो का, हा साधा प्रश्न त्यांना पडला नाही. मग दोरखंडांच्या गाठींचे प्रदर्शन लागले आणि सर्वांत मोठी गाठ गेली समोरच्या भिंतीला. ती माझी जाऊच म्हणा. तिच्याकडे पाहायचे नाही असे मी ठरवले. पण समोरासमोर उभ्या असलेल्यांना ती सोय नसते.

याहून मोठा घाव पुढेच होता. ‘कला लोकांच्या दारी’ म्हणून माझ्यावरची चित्रे दवाखान्यात, वाचनालयात आणि बसथांब्यावर फिरू लागली. दवाखान्याच्या ओशट भिंतीला माझी चित्रे! सवत घरात आणली असती, तर निदान डोळ्यांसमोर तरी राहिली असती.

त्या फिरतीत ठिकठिकाणी चित्रकलेचे वर्ग झाले. तिथे शिकलेल्या मंडळींना वर्षाअखेरीस कलादालनात बोलावण्यात आले आणि इथल्या संचालिकाबाई म्हणाल्या, “कागद नको, चौकट नको. तुमची गल्ली थेट या भिंतीवरच काढा.”

या भिंतीवर! मित्रांनो, मी शहारले. एकाने पिठाची गिरणी काढली, एकीने गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे. शिंपीणकाकूंनी काढले आपल्या यजमानांना, दुकानात इस्त्री करताना. काका पाहायला आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“अगं, माझं पोट एवढं आहे होय?”

“अहो, तुमचं म्हणून कमीच काढलंय. खरं काढलं असतं तर गिरणी झाकली गेली असती.”

लोक हसले, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढू लागले. आता मी कशाच्या मागे नव्हते. चित्र मीच होते. जाऊबाई त्या वेळी कोरीच होती. मला तिची दया यायला हवी होती. आली नाही.

प्रदर्शन संपले आणि रंगारीमामा बादली घेऊन आले. माझा जीव टांगणीला लागला. पण सगळी मंडळी आडवी आली : “पुसायचं नाही!” संचालिकाबाईंनी मान्य केले. “ठीक आहे, राहू दे. पण मग हिच्यावर एकही खिळा ठोकायचा नाही.”

मी जिंकले, असे मला वाटले.

नवे वर्ष सुरू झाले. माझ्यावर खिळा चालत नाही, म्हणून प्रत्येक नवे चित्र जाऊबाईकडे गेले. लोक तिच्याकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहू लागले. ही बाजू रिकामीच, म्हणून कोणीतरी घडीच्या खुर्च्या मला टेकवून ठेवल्या. त्यांवर आणखी रचल्या. आधी काकांचे पोट झाकले गेले, मग इस्त्री, मग चेहरा. समोर हातोडी वाजली की मला हेवा वाटे. जन्मभर ज्याला शिव्या दिल्या, त्या खिळ्याचाही हेवा!

एके दिवशी काकू बहिणीला घेऊन आल्या. काका दाराशी चपला काढत होते.

“बाई, माझे यजमान कुठायत?”

“खुर्च्यांच्या मागे आहेत, काकू,” संचालिकाबाई ओशाळून म्हणाल्या. “जपून ठेवलंय हो आम्ही त्यांना.”

“जपून? अडगळीत टाकलंय म्हणा की! पुसा ते.”

“पण सगळ्यांनी मिळून ठेवायचं ठरवलं होतं...”

“मग बघायचंही सगळ्यांनी मिळूनच ठरवायचं होतं.”

संचालिकाबाईंनी बाकीच्या मंडळींना विचारले, तर ‘पुसायचं नाही’ म्हणून गेल्यापासून त्यांतले कोणी इकडे फिरकलेच नव्हते. त्यांनीही माना डोलावल्या. रंगारीमामांनी पुन्हा बादली आणली, ब्रश बुडवला, तोच काकू पुढे झाल्या.

“थांबा मामा. ह्यांच्या तोंडावरून पहिला हात माझा. परक्यानं फिरवलेला मला खपायचा नाही.”

“अगं, हळू,” काका मागून म्हणाले, “गुदगुल्या होतील.”

काकू हसल्या आणि त्यांनी मामांच्या हातून ब्रश घेतला. त्यांचा हात माझ्यावरून फिरला आणि मी पुन्हा पांढरी झाले.

मित्रांनो, आज माझ्यावर एक अनोळखी चित्र टांगलेले आहे. लोक त्याची वाहवा करतात आणि माझा जळफळाट होतो. होऊ द्या, त्यांचे तोंड निदान माझ्या दिशेला आहे. तुम्हाला मात्र एवढीच विनंती : तुमच्या घरात, शाळेत एखादी गोष्ट ‘जपून ठेवली आहे’ असे तुम्ही म्हणत असाल, तर आज तिच्यापुढचे सामान बाजूला करा आणि क्षणभर तिच्याकडे पाहा. पाहणे जमणार नसेल, तर आपल्याच हाताने, हळू, तिला मोकळी करा.