म्हाळाचा पेला

अर्जुना गेल्यावर पहिल्या म्हाळाला अंबूबाईनं ताट वाढलं, तेव्हा खिरीच्या वाटीशेजारी काचेचा एक पेलाही ठेवला. त्यात देशी दारू होती. भावकीतलं कुणी काही बोललं नाही. पितृपक्षात गेलेल्या माणसाला त्याच्या आवडीचं वाढायचं असतं, आणि अर्जुनाला काय आवडत होतं ते सगळ्या वाडीला माहीत होतं. त्याच दारूनं पोटात पाणी होऊन तो गेला, हेही माहीत होतं.

ताट मधल्या खोलीत फोटोपुढं ठेवायचं, दार ओढून घ्यायचं आणि दिवेलागणीला सगळ्यांसमोर उघडायचं, अशी त्या घरची रीत. त्या वर्षी दार उघडलं तेव्हा ताट जसंच्या तसं होतं, पेला मात्र रिकामा होता. अंबूबाई उंबऱ्यातच खाली बसली.

"आलं हुतं," ती म्हणाली. नवरा गेल्यापासून त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

पुढं दरसाल तसंच होत गेलं. खीर सुकायची, वड्यांना मुंग्या लागायच्या आणि पेला कोरडा असायचा. अंबूबाई वर्षभर त्या एका दिवसावर जगायची.

तो पेला जयराज प्यायचा. अर्जुनाचा एकुलता एक मुलगा. कोरेगावात त्याचं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. म्हाळाच्या दुपारी घर निजलं की तो परसातल्या दारानं आत यायचा, बापाच्या फोटोकडे न बघता पेला संपवायचा आणि आल्या वाटेनं जायचा. पहिल्या वर्षी त्याला नुसती तलफ आली होती. पण संध्याकाळी आईचा चेहरा पाहिल्यावर खरं सांगायची हिंमत राहिली नाही. नंतर त्याची दारू इतकी वाढली, की काल आपण काय केलं तेही सकाळी आठवायचं नाही. बायको शिवांजली सांगायची तेव्हा कळायचं.

यंदा मात्र तो दिवाळीपासून प्यालेला नव्हता. पेठेत गाद्या भरणारे कुतुबुद्दीनचाचा त्याला सांगलीला व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेले होते. चाचा मूळचे जतकडचे. त्यांची स्वतःची दारू सुटून बरीच वर्षं झाली होती. परत आल्यावर त्यांनी जयराजला आपल्या गटात बसवलं. गट दर गुरुवारी संध्याकाळी अंगणवाडीच्या खोलीत जमायचा. भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता, रंगवलेला हत्ती, आणि त्याखाली लहानग्यांच्या सतरंजीवर मांडी घालून बसलेली मोठी माणसं. प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं, मी मद्यपी आहे म्हणायचं आणि मनात असेल ते बोलायचं. कुणी कुणाला शहाणपण शिकवायचं नाही, आणि इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही.

म्हाळाच्या आधीच्या गुरुवारी जयराजनं पेल्याची गोष्ट तिथं सांगितली. फौजेतून परतलेले लालासाहेब म्हणाले, "बापाला सोडा ठेव की. म्हणावं, डॉक्टरनं बंद केलीया." सगळे हसले, जयराजही हसला. चाचांनी विचारलं, आईला खरं का सांगत नाहीस?

"सांगितलं तर तिचा माणूस दुसऱ्यांदा मरंल, चाचा." थोडा वेळ तो हत्तीकडे बघत राहिला. "आन दुसरं एक हाय. कवाकवा वाटतं, मी पीत न्हवतोच. आबाच पीत हुतं. माझं नुसतं तोंड हुतं."



आठवडाभर तो आईला सांगायचं ठरवत राहिला. ती वड्यांचं पीठ दळायला द्यायची, फोटोची काच पुसायची, आणि पुसता पुसता फोटोशी बोलायची. तो शेजारी उभा राहायचा आणि निघून जायचा.

म्हाळ गुरुवारीच आला. ताट वाढल्यावर अंबूबाईनं पेला भरला. वास खोलीभर झाला, तसा जयराज बाहेर पडला आणि सरळ दुकानात गेला. मोटारीची जळलेली वायर उपसत बसला. दुपारी डोळा लागायला लागला म्हणून पोत्यावर आडवा झाला.

झोपेत त्यानं परसातल्या दाराची कडी काढली. पायाला फरशी गार लागली. यंदा फोटो त्याच्याकडे बघत होता. त्यानं पेला तोंडाला लावला.

जाग आली तेव्हा घसा जळत होता. जिभेवर ती चव होती. तो धडपडत बाहेर आला. मोटारसायकल त्यानं सावलीत लावली होती, आता ती उन्हात होती. सावली सरकली असणार, हे त्याला कळत होतं. तरी त्यानं इंजिनाला हात लावून पाहिला. उन्हानं सगळीच गाडी तापली होती.

दिवेलागणीला भावकी जमली. अंबूबाईनं दार उघडलं.

पेला रिकामा होता.

"आबा काय चुकत न्हाई गड्या," चुलता म्हणाला. अंबूबाईही "आलं हुतं" म्हणाली, पण यंदा ती उंबऱ्यात बसली नाही, आणि तिनं फोटोकडेही पाहिलं नाही. शिवांजलीच्या हातात समई होती. तिनं पेल्याकडे नाही, नवऱ्याकडे पाहिलं. मग समई खाली ठेवली, लहान लेकीला उचललं, स्वयंपाकघरात गेली आणि आतून कडी लावली. ती कडी दिवाळीपासून लागली नव्हती.

जयराजनं तळव्यावर श्वास सोडून हुंगला. त्याला काहीच कळेना. नाकात नुसता तोच वास भरला होता, तो खोलीतला की आपला, हे त्याला ठरवता येईना.

तो तसाच अंगणवाडीत गेला. पाळी आल्यावर म्हणाला, "मी जयराज. मी मद्यपी हाय. आज मी प्यालो का न्हाई, मला ठावं न्हाई."

चाचा उठून त्याच्यापुढं येऊन बसले. "तोंड उघड," म्हणाले, आणि लहान मुलाचा ताप बघावा तसं जवळ येऊन त्यांनी हुंगलं. "चहा. आन तंबाकू."

"नक्की?"

"गड्या, हे नाक अर्धा जन्म त्याच वासामागं हिंडलंय. ते चुकायचं न्हाई." मग ते सगळ्यांनाच सांगू लागले. दारू सुटल्यावर दोन वर्षं ते स्वप्नात प्यायचे. सकाळी उठून बायकोला, खातूनबीला, तोंड हुंगायला लावायचे, आणि ती नाही म्हणाली तरी दिवसभर विश्वास बसायचा नाही.

"मग गिलास कुणी रिकामा केला?" लालासाहेबांनी हळूच विचारलं.

"ते हिथं बसून कळायचं न्हाई," चाचा म्हणाले. "चल, मी येतो संगं."

अंबूबाई परसातल्या पायरीवर एकटी बसली होती. चाचांना पाहून तिनं पदर सावरला. चाचा भिंतीला टेकून उभे राहिले. बोलायचं ते जयराजलाच होतं.

"आये, एवढी वर्षं गिलास मी पीत हुतो. आबा न्हवतं."

"ठावं हाय."

त्याला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. ती पुढं म्हणाली, "मेलेलं माणूस परसातली कडी काढून येतंय व्हय रं? पयल्याच वर्षी बघितलं तुला. मी जागीच हुते."

"मग दरसाल का ठेवत हुतीस?"

"प्यालास की तुजं तोंड त्यांच्यावानी व्हायचं. डोळं तसंच, चालणं तसंच. त्या दिवशी तू घरात आलास, की मला ते आल्यागत वाटायचं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पोराला पाजून नवरा बघत हुते मी."

"आन आज?"

"आज मी वतला. त्या शेवग्याच्या बुडात. भरलेला राहिला असता तर भावकीत चर्चा झाली असती. आन तू आला असतास तर..."

शेवग्याच्या बुंध्याकडून ओल्या मातीचा आणि त्या दुसऱ्याचा वास येत होता. जयराज नकळत एक पाऊल तिकडं सरकला. चाचांनी त्याची बाही धरली. दोघं तसेच उभे राहिले.

आत कडी निघाली. शिवांजली दारात आली. ती ऐकत होती. ती जवळ आली, रोज संध्याकाळी करायची तसं नवऱ्याच्या तोंडाजवळ नाक नेलं, आणि लेकीला त्याच्या हातात दिलं. "चाचा, जेवून जावा," एवढंच म्हणाली.

अंबूबाई मुलाकडे बघत होती, दिवा त्याच्या तोंडावर पडला होता. "दिवाळीपासनं हुडकतीया," ती म्हणाली. "आता तुझ्यात ते घावत न्हाईत." ती हे आनंदानं म्हणाली नाही.

मग उठून तिनं फोटोपुढचा पेला आणला आणि हातात फिरवत विचारलं, "पुढच्या साली ह्यात काय ठेवू?"

"पाणी ठेव."

"पाण्याला ते येणार न्हाईत रं."

"न्हाई येऊ देत, आये," जयराज म्हणाला. सगळे आत गेल्यावर त्यानं परसातलं दार ओढलं आणि आतून कडी घातली.