सतरावा स्क्रू

टक्.

एवढाच आवाज. वाळकी काडी मोडावी, तेवढा. मशीनच्या खडखडाटात तो खरं तर कुणाला ऐकूच यायला नको होता. पण शिडी धरून उभ्या असलेल्या काकीला तो ऐकू आला.

वर मिस्त्रीने मशीन थांबवलं. स्क्रूचं डोकं तुळईत छान बसलं होतं, लाकडाशी अगदी सपाट. त्यावरून त्याने अंगठा फिरवला आणि न बघताच हात खाली केला.

"दे पुढचा."

"अहो, आत काही मोडलं का?"

"हो हो. दे."

काकीच्या हातातला साबण तसाच राहिला. गेल्या वर्षापासून नवऱ्याने ही युक्ती काढली होती. ऐकू आलं नाही की 'हो हो' म्हणून मोकळं व्हायचं. एकदा तिने मुद्दामच विचारलं होतं, "मी विहिरीत जीव देऊ का?" तेव्हाही पेपरातून डोकं वर न काढता तो म्हणाला होता, "हो हो, जाऊन ये." तेव्हा ती हसली होती. आज तिला हसू येईना.

तिने स्क्रूच्या आट्यांवर साबण फिरवला आणि तो वर दिला. वीतभर लांब स्क्रू. साबण लावला की तो कडक लाकडात सरकत जातो. हाताखाली माणूस मिळेनासा झाल्यापासून शिडी धरायची आणि साबण लावायचा, ही दोन कामं तिची होती. तिसरं काम तिने आपणहून घेतलं होतं, मोजायचं. मघाचा सतरावा. एकूण चोवीस. या चोवीस स्क्रूंवर वाचनालयाची नवी लाकडी गॅलरी भिंतीच्या खांबांना धरून राहणार होती. आणि उद्या अकरा वाजता तिथे शाळेची चाळीस पोरं चढणार होती.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी मिस्त्री हाताने स्क्रू पिळायचा. एकेका स्क्रूला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात काकीची सगळ्या आळीची बातमी सांगून व्हायची, आणि तो मध्येच थांबून म्हणायचा, "थांब जरा, हा दमलाय." मग दोन आटे मागे फिरवून पुन्हा पुढे. नंतर ही बॅटरीवरची मशीनं आली. तरी मिस्त्रीचा कान मशीनच्या पुढे होता. लांब स्क्रू आत जाता जाता अडला की मशीनचा सूर चढतो. तो चढला की बोट सोडायचं, मागे घ्यायचं. नाही सोडलं तर मशीनला दया येत नाही. ते पिळतच राहतं आणि स्क्रू आतल्या आत तुटतो. वरून काही दिसत नाही. डोकं आपलं जागच्या जागी, साळसूद.

आज सकाळपासून किती वेळा तो सूर चढला होता आणि मिस्त्रीचं बोट हललं नव्हतं!

संध्याकाळी ग्रंथपाल बाई मान वर करून गॅलरी न्याहाळत होत्या. "मिस्त्री, पोरं वर उड्या मारतील हं. आमची पोरं म्हणजे माकडं आहेत."

हे मात्र त्याने ओठांवरून ओळखलं. "मारू देत की! हत्ती बांधा वर, ढिम्म हलणार नाही."

काकीने तोंड उघडलं आणि मिटलं. काय सांगणार? ज्याच्या हातचं दार चाळीस वर्षांत कधी कुरकुरलं नाही, त्याला परक्या बाईसमोर बहिरा म्हणायचं? उद्यापासून कोण काम देईल? आणि काम गेलं की हा माणूस घरात नुसता बसेल. खिडकीशी, चार महिन्यांत वाळून गेलेल्या धाकट्या दिरासारखा. शिवाय तिलाच भास झाला असेल तर? साठीच्या बाईचे कान ते.

घरी जेवताना ताटावर वाटी आदळली, तरी ती दचकली.

सकाळी मिस्त्री दाढी करत असताना तिने हत्यारांच्या पेटीतून हाताने स्क्रू पिळायची जुनी मूठ काढली, तिला मशीनचं टोक बसवलं आणि पदराखाली घेतली.

"साबणाची डबी राहिलीय तिथे. घेऊन येते."

"हो हो."

ग्रंथपाल बाई नुकत्याच खिडक्या उघडत होत्या. काकीने शिडी लावली. आजवर ती शिडीच्या पायथ्याशी उभी राहिली होती. पायरीवर पाय कधी ठेवला नव्हता. पाचव्या पायरीवर तिने डोळे मिटले आणि शिडीलाच मिठी मारली.

"काकी, अहो, करताय काय?"

"काही नाही बाई. तुम्ही बोलू नका, मी पडेन."

दारापासून मोजत तिने सतरावा गाठला. आधी शेजारच्या सोळाव्यावर टोक ठेवून मूठ पिळली. जागचा हलला नाही. मग सतराव्यावर. बरणीचं झाकण फिरावं तसा तो गरागरा फिरला.

शिडी सरकवत, चढत-उतरत तिने सगळे तपासले. नववाही फिरला. तो बसवताना ती चहा आणायला गेली होती. चौथाही फिरला. तेव्हा ग्रंथपाल बाई तिच्याशी बोलत होत्या. तिने ऐकला होता एकच. तुटले होते तीन.

शिडी एकदम घट्ट झाली. तिने खाली पाहिलं. अर्ध्या गालाला साबण तसाच, मिस्त्री दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होता.

"मूठ पेटीत दिसली नाही," तो म्हणाला. "उतर खाली. पडशील."

ती उतरली नाही. तिने टोक स्क्रूवर ठेवलं आणि दोन बोटांनी मूठ फिरवली. एकदा. पुन्हा एकदा. ते बघायला कान लागत नव्हते.

मिस्त्रीची नजर त्या फिरत्या डोक्यावर खिळली.

"तुला ऐकू आलं होतं?"

तिने 'हो' म्हणून मान हलवली.

"मग बोलली का नाहीस?"

"भ्याले हो."

हे त्याला कळलं की नाही, कोण जाणे. ग्रंथपाल बाई जवळ येऊन उभ्या होत्या. काकीला वाटलं, आता हा म्हणेल लाकूडच खराब आहे. म्हणेल स्क्रू हलके निघाले. कुणी काही विचारलं नसतं.

"बाई, आज पोरांना बोलावू नका," मिस्त्री म्हणाला. "तीन स्क्रू आत तुटलेत. माझ्या हातून. मला ऐकू येत नाही."

हे वाक्य काकीने पहिल्यांदाच ऐकलं. बायकोलाही त्याने कधी सांगितलं नव्हतं. बाई शाळेला फोन करायला आत गेल्या.

तुटलेल्यांच्या शेजारी नवी भोकं पाडायची ठरली, या वेळी जास्त खोल. मिस्त्री शिडी चढला. काकीने एका हाताने शिडी धरली आणि दुसऱ्या हाताने त्याचा घोटा पकडला. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मशीन सुरू झालं. सूर चढला की ती घोटा दाबायची, वर त्याचं बोट सुटायचं. दोन आटे मागे, पुन्हा पुढे.

दुसऱ्या स्क्रूनंतर त्याने खाली वाकून विचारलं, "कसा वाजतो गं?"

काकी विचारात पडली. मग तोंड नीट हलवत, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "आधी कुरकुरतो. मग गुणगुणतो. मग रडकुंडीला येतो."

"हां," तो म्हणाला. "असाच."

तिसरा स्क्रू हळूहळू आत गेला. डोकं लाकडाला टेकलं आणि मशीन थांबलं. मिस्त्री तुळईला कपाळ लावून तसाच उभा राहिला.

"झालं," काकी म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिने त्याचा घोटा हलकेच दाबला.