एसएमपीएस नाही म्हणाला

मित्रांनो, मला जुना म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, मी आहेच जुना. पण 'नुसता डबा' म्हणालात तर आपलं जमणार नाही. मी संगणकाचा एसएमपीएस आहे. काही जण मला पॉवर सप्लाय म्हणतात. कॅबिनेटच्या पोटात, मागच्या कोपऱ्यात माझी जागा. भिंतीतून येणारी वीज भलती आडदांड असते. ती तशीच आत सोडली तर संगणकातले नाजूक भाग क्षणात जळतील. मी तिला आवरतो आणि ज्याला जेवढी झेपेल तेवढीच वाटतो. नऊ वर्षांच्या आयुष्यात हेच एक काम केलं. आजवर कुणी मित्राला घरी बोलावून 'चल, तुला माझा एसएमपीएस दाखवतो' असं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. नका म्हणू. माझं काही अडलेलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझ्या आत तांब्याची जाड गुंडाळी बसवली, एकेक सांधा पक्का केला. मग आम्हा भावंडांना एका गरम खोलीत दिवसभर पूर्ण ताकदीने चालवलं. शेवटी परीक्षा आली. तपासनीस आमच्या दोन तारा मुद्दाम चुकीच्या जोडायचा. जो एसएमपीएस तरीही वीज देत राहील तो नापास. जो चूक ओळखून स्वतःहून बंद पडेल तो पास. विचित्र परीक्षा ना? कामाला नाही म्हटलं की शाबासकी! मी क्षणाचाही उशीर केला नाही. तपासनिसाने माझ्या पाठीवर शिक्का मारला आणि मी जगात आलो.

पहिली सहा वर्षं मी इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कार्यालयात घालवली. तिथला संगणक सकाळी नऊला सुरू व्हायचा. बाहेर वीज कमीजास्त झाली की दिवे लुकलुकायचे, पण माझा संगणक एकदाही अर्धवट काम टाकून बंद पडला नाही. कौतुक कुणाचं झालं? पडद्याचं! 'काय रंग दिसतात,' म्हणे. मला मात्र सहा वर्षांत कुणी धड पुसलंही नाही. माझ्या पंख्यात इतकी धूळ साठली की मला श्वास घेणं मुश्कील झालं. मग एक दिवस नवे संगणक आले आणि आम्हा जुन्यांची रवानगी जुन्या वस्तूंच्या दुकानात झाली. निरोप वगैरे काही नाही. गरज सरो नि वैद्य मरो!

ते दुकान काटेवाले काकांचं. जुना माल काट्यावर तोलून घेतात म्हणून हे नाव. माणूस वाईट नाही, पण कामाची पद्धत धसमुसळी. माझ्या काही वायरी सुट्या आहेत, हव्या तेवढ्या खोचायच्या. काकांनी त्या माझ्यापासून काढल्या आणि शेकडो परक्या वायरींच्या पेटीत टाकल्या. कुणी विचारलं, 'काका, ही याचीच वायर का?' की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "बसतेय ना? मग चालते!" तीन वर्षं मी फळीवर बसून हे वाक्य ऐकलं आणि दर वेळी दातओठ खाल्ले.

मग एका सुट्टीच्या दिवशी दुकानात ती आली. वय असेल एकोणीस-वीस. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. हातात चष्म्याचा नंबर लिहायच्या कागदावर केलेली यादी, आणि सोबत तिचा मोठा भाऊ. तिला गेम खेळता येतील असा संगणक जुळवायचा होता, तोही साठवलेल्या पगारात. दादाला मात्र संगणक नको होता, रोषणाई हवी होती.

"काचेचं कॅबिनेट घेऊ," दादा म्हणाला. "तीन रंगीत पंखे. अंधारात काय दिसेल माहितीय?"

"अंधारात आत्या गाडी चालवणार आहे का?" ती म्हणाली आणि तिने यादीतलं काचेचं कॅबिनेट खोडलं.

तिथे मला सगळा प्रकार कळला. या दोघांची आत्या बावीस वर्षं बस चालवत होती. डेपोच्या पायऱ्यांवरून पडली आणि डावा पाय असा मोडला की डॉक्टरांनी सांगितलं, आता मोठी गाडी विसरा, क्लच दाबणं होणार नाही. डेपोतल्या सोबत्यांनी निरोप देताना तिला गेमचं स्टिअरिंग आणि पायडल भेट दिलं. 'घरी बसून चालवा,' म्हणाले. पण घरचा संगणक एवढा मरतुकडा की त्यावर हिशेबाचा तक्ता उघडायलाही धाप लागे. खोकं तसंच पलंगाखाली गेलं. आत्या दिवसभर भिंतीकडे बघत बसायची आणि जेवायला हाक मारली तर 'ठेव' एवढंच म्हणायची. भाचीला ते बघवत नव्हतं. "ती परत स्टिअरिंगमागे बसली पाहिजे, दादा. बाकी मला काही नको."

म्हणून यादीत एकेका वस्तूला चाळणी लागली. प्रोसेसर मागच्या पिढीचा घेतला, कारण गाडीच्या गेमला तो पुरेसा होता. मेमरीच्या दोन लहान पट्ट्या. पडदा घरचाच. कॅबिनेट म्हणून काकांकडचं कोपऱ्यात चेपलेलं पत्र्याचं खोकं. आणि वाचवलेला सगळा पैसा ग्राफिक्स कार्डावर, तेही वापरलेलं. पडद्यावरचा रस्ता, झाडं, आरसा सगळं तेच कार्ड रंगवतं. ते जळलं असतं तर दुसरं घ्यायला तिच्याकडे दमडी उरली नव्हती.

"एसएमपीएस राहिला," दादा म्हणाला. "कॅबिनेटबरोबर एक फुकट मिळतोय, तोच लावू. वीज ती वीज. त्यात काय एवढं?"

उचलली जीभ लावली टाळ्याला! वीज ती वीज म्हणे. मग पाणी ते पाणी म्हणून गटारातलं प्या की!

पण इथे काका माझ्या बाजूने उभे राहिले, हे कबूल करायला हवं. त्यांनी भाचीच्या एका हातावर तो फुकटचा एसएमपीएस ठेवला आणि दुसऱ्या हातावर मला. माझ्या वजनाने तिचा हात खाली गेला. फुकटच्या डब्यावर आकडा माझ्यापेक्षा मोठा छापला होता, पण आत तांबं कुठे होतं? बडा घर, पोकळ वासा. भाचीने फुकटचा डबा परत ठेवला. तिने मला पिशवीत घातलं. इतकं सुख मला सहा वर्षांच्या नोकरीत झालं नव्हतं.

निघताना कळलं, माझी ग्राफिक्स कार्डाला जोडायची वायर सापडत नाहीये. काकांनी पेटीत हात घातला, एक काळी वायर ओढून काढली, माझ्या पाठीत खोचून बघितली आणि म्हणाले, "बसतेय ना? मग चालते!"

मित्रांनो, मी लगेच ओळखलं. ती वायर माझी नव्हती. प्लगचा आकार तोच, पण आतल्या तारांची मांडणी उलटी. जिथून वीज जायला हवी तिथून ती परत यायची वाट होती. सगळ्या एसएमपीएसची वायर सारखी असते असा या लोकांचा गोड गैरसमज. आणि मला तोंड नाही! पिशवीत बसून मी नुसता धुमसत राहिलो.

घरी टेबलावर सगळी जुळवाजुळव झाली. भाचीचा हात काचा घासून सवयीचा, तिने एकेक स्क्रू अलगद बसवला. मला आधी ब्रशने स्वच्छ केलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा! पलंगाखालचं खोकं निघालं, स्टिअरिंग टेबलाच्या कडेला आवळलं गेलं. आत्या खुर्चीवर बसून हे सगळं तोंड वाकडं करून बघत होती.

"क्लच नसलेली गाडी म्हणे. ती काय गाडी?"

"एकदा हात तर लाव, आत्या," भाची म्हणाली. 

दादाने बटण दाबलं.

वीज माझ्यापर्यंत आली आणि त्याच क्षणी काळ्या वायरीतला घात समोर उभा राहिला. मी वीज देत राहिलो असतो तर ती उलट्या वाटेने कार्डात घुसली असती. तो फुकटचा डबा असता तर त्याने दिलीही असती, आणि वर धूर काढून मोकळा झाला असता. मी नाही दिली. पंखा जेमतेम थरथरला आणि मी स्वतःला बंद केलं.

दादाने पुन्हा दाबलं. मी नाही म्हणालो. त्याने बटण बंद करून चालू केलं. मी पुन्हा नाही म्हणालो. त्याने माझ्यावर थापटी मारली. मार, लेका! हात दुखेल तुझा. मी ढिम्म हललो नाही.

"मेलाय हा म्हातारा," दादा वैतागून म्हणाला. "सांगत होतो ना? फेक याला. मी तो फुकटचा आणतो, तासाभरात सुरू करतो."

भाची खाली बसली. डोळे भरले होते तिचे. आणि आत्याने काठी जवळ ओढली, पुन्हा आपल्या भिंतीकडे जाण्यासाठी. मला तेव्हा जे वाटलं ते सांगतो. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण वीज मी दिली नाही.

"काका तर म्हणाले होते," भाची पुटपुटली, "वायर बसतेय ना, मग चालते."

आत्या उठता उठता थांबली. "कोण म्हणालं, बसतं ते चालतं? मी बसलेय तीन महिने. चालतेय का?"

दादा फिसकन हसला. आत्यालाही हसू आलं, तीन महिन्यांत बहुधा पहिलंच. भाची मात्र हसली नाही. तिने डोळे पुसले आणि त्या काळ्या वायरीकडे टक लावून बघितलं.

"दादा, थांब. आमच्या दुकानात एका फ्रेममध्ये कुठल्याही नंबरची काच बसते. बसली म्हणून दिसतं का? माणूस घेरी येऊन पडेल!"

"म्हणजे?"

"म्हणजे वायर चुकीची आहे. हा मेलेला नाही. हा नाही म्हणतोय!"

मित्रांनो, नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकलं होतं.

"बरोबर बोलतेय ती," आत्याने काठी टेकवली. "गाडी बंद पडली की मी आधी इंजिनाला शिव्या देत नसे. शेवटचा हात कुणी लावला ते विचारायचे. जा, त्या काटेवाल्याला विचार."

भाचीने मला बगलेत मारलं आणि तडक दुकान गाठलं. तिने काकांकडून वीज तपासायचा मीटर मागून घेतला आणि माझ्या पाठीवरचा छापील तक्ता बघत पेटीतली एकेक वायर तपासली. छत्तीस वायरी बाजूला पडल्या. सदतिसावी माझी निघाली. काळी वायर आणि ती शेजारी धरून तिने काकांना दाखवली.

"काका, किती जणांची कार्डं जाळलीत हो?"

काकांचा चेहरा पडला. बराच वेळ ते काट्याचं पारडं पुसत राहिले. मग आतून चिकटपट्टी आणली, ती पेटी टेबलावर उपडी केली आणि दोघांनी मिळून वायरींना जोड्या लावायला घेतल्या. आता त्या दुकानात वायर त्याच एसएमपीएसला बांधून ठेवतात. माझ्या नकाराने एवढं तरी झालं.

माझी वायर घेऊन घरी आलो. बटण दाबलं आणि मी वीज दिली, अगदी हातचं न राखता. पडदा उजळला, गेम सुरू झाला आणि समोर डेपोतून बाहेर जाणारा रस्ता आला.

आत्याने आधी दादाला बसवलं. "तू चालव, मी बघते." दादाने दुसऱ्याच वळणावर बस दुकानात घातली.

"आरसा! अरे आरसा बघ! मागे माणसं आहेत की वांगी?" आत्या ओरडली. "ऊठ तिथून!"

ती स्वतः बसली. हात स्टिअरिंगवर घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी गेले. गाडी निघाली ती अशी की उभ्या प्रवाशाच्या कपातला चहा हलू नये. तीन थांबे झाले. चौथ्या थांब्यावर तिने गाडी कडेला घेतली, डोळे पुसले आणि भाचीला म्हणाली, "माझा फोन दे."

डेपोच्या साहेबांना लावला तिने. "साहेब, शिकाऊ मुलांना शिकवायला माणूस मिळत नाही म्हणता ना? मी येते. नाही नाही, पाय तसाच आहे. पण मला चालवता येणार नाही असं सांगितलंय डॉक्टरांनी. शिकवता येणार नाही असं नाही सांगितलं!"

साहेब आढेवेढे घेत होते. तिने तीनदा तेच वाक्य ऐकवलं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्याने.

तर मित्रांनो, मला जपा, मला पुसा, असं गयावया करणार नाही मी. एवढंच सांगतो, जो मुकाट्याने हो म्हणतो तो चांगला आणि जो अडून बसतो तो मेलेला, असा हिशेब करू नका. आधी विचारा, तो कशाला नाही म्हणतोय. आता पुरे, मला काम आहे. साहेब शेवटी तयार झाले, आज डेपोतली दोन शिकाऊ मुलं आमच्या घरी गेमवर शिकायला आली आहेत, एकाने बस पुलाच्या कठड्याला नेऊन लावलीय, आणि आत्या कमरेवर हात ठेवून त्याला सांगतेय, "रड नंतर. आधी मागे घे."