मागच्या खोलीतलं कडवं

सरकारी वकिलाने बटण दाबलं आणि माझ्या भावाचा आवाज कोर्टभर घुमला. आधी नुसता ठेका, मग तो.

घोट्याला नाणं, नाण्याला भोक,
मोज्यात झाकलं, हसतील लोक.
पापण्या मिटल्या माझ्या या हातांनी,
आईनं बांधलं, आईलाच शोक.

गाणं तिथेच थांबवून वकील ज्युरीकडे वळला. "ट्रॅव्हिन मूटनचा खून झाला तेव्हा त्याच्या डाव्या घोट्याला दहा सेंटचं भोक पाडलेलं नाणं दोऱ्याने बांधलेलं होतं. मोज्याच्या आत. ही गोष्ट पेपरात आली नाही, टीव्हीवर आली नाही. मुद्दाम दाबून ठेवली होती. मग आरोपीला कशी कळली?"

आरोपीला काही कळलेलं नव्हतं. कळलं होतं ते मला. ते कडवं माझं होतं.

आरोपी म्हणजे माझा धाकटा भाऊ, रॅपर केल्व्हेरियस प्रूडोम. लुइझियानात आणि अर्ध्या टेक्ससात त्याला डीकन म्हणतात. आमचे आजोबा चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्रीबाबांचे मदतनीस, होते, ते पद या पठ्ठ्याने परस्पर उचललं. नऊ वर्षांचा असताना चर्चच्या पायरीवर उभा राहून तो पाद्रीबाबांचं अख्खं प्रवचन टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणून दाखवायचा, आणि म्हाताऱ्या बाया हॅट सांभाळत हसायच्या. आवाज त्याचा, खोल आणि किंचित फाटलेला. शब्द मात्र त्याच्याकडे कधीच नव्हते. "झेट्टा, दोन ओळी दे ना गं," असं म्हणत यायचा. दोनाच्या चार झाल्या आणि मग सगळीच गाणी माझ्याकडे आली. गाडीच्या डिकीतून सीडी विकण्यापासून अटलांटाच्या संगीत कंपनीने बोलावून घेईपर्यंत, वीस वर्षं. मी स्वयंपाकघरात राजमा ढवळत लिहायचे, तो कागद घेऊन स्टुडिओत जायचा आणि माइकसमोर एकेक ओळ टाकायचा. ओळ कुठून आली, हे त्याने एकदाही विचारलं नाही.

त्याचं सर्वात गाजलेलं गाणंही माझंच. ह्यूस्टनचा एक रॅपर दुसऱ्याकडून लिहून घेतो, म्हणून त्याची त्यात यथेच्छ धुलाई केली होती. 'दुसऱ्याच्या पेनानं सही करतोस, लाज नाही वाटत?' ही ओळ लिहिताना मी एकटीच खदाखदा हसले होते. त्या गाण्याने आम्ही दोघं कायमचे अडकलो. रॅपरने दुसऱ्याचं लिहिलेलं म्हणणं म्हणजे आमच्याकडे मेल्याहून मेल्यासारखं.

माझं पोटापाण्याचं काम वेगळं. ओडम यांच्या अंत्यविधीगृहात बावीस वर्षं मी मेलेल्यांना आंघोळ घालते, केस विंचरते, चेहऱ्याला रंग लावते. मिस्टर ओडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मागच्या खोलीत पाहिलेलं मागच्या खोलीतच ठेवायचं." ट्रॅव्हिनला मीच तयार केलं. मोजा काढला आणि नाणं दिसलं. आमच्या आज्या असली नाणी बांधायच्या, पोराला कुणाची बाधा होऊ नये म्हणून. एकतीस वर्षांचा दांडगा गडी, गळ्यात सोन्याच्या साखळ्या, आणि आईने बांधलेलं नाणं मोज्यात लपवून फिरत होता. मी त्याच्या आईला, मिस अर्लीनना (आमच्याकडे वडीलधाऱ्या बायांना मानाने मिसच म्हणतात), फोन करून विचारलं, "राहू देऊ का?" त्या म्हणाल्या, "राहू दे." त्या रात्री मला घास गिळवेना, म्हणून मी ते कागदावर उतरवलं. देऊ नये ते भावाला दिलं. चूक माझीच.

खुनाच्या दोन आठवडे आधी केल्व्ह आणि ट्रॅव्हिनचं क्लबबाहेर वाजलं होतं. ते लोकांच्या फोनमध्ये होतं. खुनाच्या जागी कुणीतरी केल्व्हच्या गाडीसारखी गाडी पाहिली होती. बाकी पुरावा म्हणजे हे गाणं.

सुट्टी झाल्या झाल्या मी आमच्या वकील मिस कॅलोवेंना गाठलं. त्यांनी मला एका खोलीत भावासमोर नेलं. दाराशी पोलीस उभा होता.

"नाही म्हणजे नाही," केल्व्ह म्हणाला. "तू साक्षीला बसायचं नाहीस."

"जन्मठेप आहे, केल्व्ह. आपल्या राज्यात त्यातून माणूस पेटीतच बाहेर येतो. आणि त्या पेटीत तुला घालायचं काम माझ्याकडेच येणार."

"आत गेलो तर डीकन म्हणून जाईन. बाहेर काय म्हणून येऊ? बहिणीच्या ॲप्रनमागं लपलेला?"

"आईला काय सांगू मग? नाव राहिलं, पोरगं गेलं?"

"वीस वर्षं मी सांगतोय, झेट्टा, माझं मी लिहितो!"

"सांगत होतास तू. लिहीत होते मी."

मिस कॅलोवे एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. हे वाक्य आमच्या दोघांशिवाय कुणी ऐकण्याची ही पहिलीच वेळ होती.

केल्व्हचा आवाज एकदम खाली आला. "एवढंच सांग ना, नाण्याचं मला तू सांगितलंस. तेवढं पुरे होईल. लिहिण्याचं नको. पाया पडतो तुझ्या."

चाळीस वर्षांचा माणूस, पण डोळे तेच, दोन ओळी मागायला यायचा तेव्हाचे. मी हो म्हणाले. नोकरी तर जाणारच होती, निदान त्याचं नाव तरी राहू दे.

मला उभं करायचं की नाही यावरून वकिलांची चांगली तासभर हमरीतुमरी झाली. शेवटी जजसाहेबांनी परवानगी दिली. बायबलवर हात ठेवून मी बसले तर समोर पहिल्याच बाकावर मिस अर्लीन. चर्चची जांभळी हॅट, मांडीवर पर्स, पाठ ताठ. मी सांगितलं, ट्रॅव्हिनला मी तयार केलं, नाणं मी पाहिलं, आणि भावाजवळ बोलले. मिस अर्लीननी डोळे मिटून घेतले. त्यांच्या पोराची झाकली मूठ उघडणारी मीच होते.

सरकारी वकील सावकाश उठला. "छान. नाण्याचं तुम्ही सांगितलंत, मान्य. पण 'पापण्या मिटल्या माझ्या या हातांनी' याचं काय? हे हात कुणाचे?"

"गाण्यात म्हणतात तसं."

"तुमचा भाऊ दर मुलाखतीत सांगतो, 'मी जगलो तेच लिहितो.' मग हे हात त्याचेच ना? मयताच्या अंगावर वाकून पापण्या मिटणारे?"

मी केल्व्हकडे पाहिलं. त्याने अगदी हळू मान हलवली. नको. ज्युरीतली एक बाई वहीत काहीतरी लिहून घेत होती. ती काय लिहितेय हे मला न वाचताही कळत होतं.

"बोला, बाई. कुणाचे हात?"

"माझे," मी म्हणाले. "हात माझे आहेत. कडवं माझं आहे. सगळीच माझी आहेत."

मागच्या बाकांवर कुणीतरी मोठ्याने "अरे देवा!" म्हणालं. जजसाहेबांनी हातोडा आपटला. वकील हसला. "भावासाठी बहीण काय वाटेल ते बोलेल. गाणं तर सगळ्या राज्याला पाठ आहे."

"पुढचं कडवं नाही कुणाला पाठ. त्याने ते घेतलंच नाही. म्हणाला, फार मऊ आहे, चालणार नाही."

"मग म्हणा की!" तो म्हणाला. मला म्हणता येणार नाही, असंच त्याला वाटलं असणार.

मी कधी चारचौघांत एक ओळ म्हटलेली नाही. माझा आवाज बारीक आहे, चारचौघींसारखा. मांडीखाली हात दाबून धरले आणि म्हणाले,

कोमट पाणी, हलक्या हातानं
कानामागची माती काढली मी.
शर्टाचं बटण लावता लावता
नाव घेऊन हाक मारली मी.

केल्व्हने कपाळ टेबलावर टेकवलं होतं. वकील म्हणाला, "आणखी प्रश्न नाहीत," आणि खाली बसला.

साडेतीनला ज्युरी परत आली. निर्दोष.

आमच्या आईने आनंदाने किंकाळी फोडली, मिस कॅलोवेंनी मला मिठी मारली. केल्व्ह नुसता उभा राहिला. कोर्टाच्या बाहेरच्या ओसरीवर फोन उंच धरून पोरं थांबलेलीच होती. आतली बातमी आमच्या आधी बाहेर पोचली होती.

"ए डीकन! खिशात पेन आहे का रे?"

"ताईला विचार, ताईला! आज काय बोलायचंय ते!"

"दुसऱ्याच्या पेनानं सही करतोस!" एकाने आमचीच ओळ मारली आणि सगळे फिदीफिदी हसले.

केल्व्ह माझ्याकडे न बघता म्हणाला, "मारलंस मला."

"जिवंत आहेस म्हणून बोलतोयस," मी म्हणाले.

एवढ्यात गर्दी आपोआप बाजूला झाली. मिस अर्लीन येत होत्या, एकट्या. मी म्हणाले, "मिस अर्लीन, तुमच्या पोराचं मी चव्हाट्यावर आणलं. मला..."

"गप्प बस," त्या म्हणाल्या. "माफीचं नंतर बघू. माझ्या पोराला कुणी मारलं ते अजून मला माहीत नाही, आणि आता कुणी सांगेल असंही वाटत नाही. पण त्या दिवशी मी मागच्या खोलीत आले नाही. दारापर्यंत आले होते, पाय उचलेनात. तू आत होतीस. काय काय केलंस ते सांग. गाण्यात नको, साधं सांग. पहिल्यापासून."

त्या रुमाल शोधायला लागल्या, पण पर्सचा खटका उघडेना. केल्व्हने हात पुढे केला. दुपारपर्यंत त्या याच माणसाला आपल्या मुलाचा खुनी समजत होत्या. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. पोरांनी फोनही खाली घेतले. मग त्यांनी पर्स त्याच्या हातात दिली. त्याने खटका उघडून रुमाल काढून दिला.

मी सांगायला सुरुवात केली. आधी पाणी किती गरम घेतलं ते सांगितलं. पायऱ्यांखालून पुन्हा एक हाक आली, "डीकन, काहीतरी बोल की!" ती लहानशी काळी पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून, मान खाली घालून, तो ऐकत होता.