जोतीरामची दोन बोटं

क्रांतीच्या पत्राला मी आठ वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्रात एकच प्रश्न होता : ‘सर, मी सांगितली असती तर नंबर आला नसता का?’

शाळेत वक्तृत्व स्पर्धेची भाषणं मी लिहून देत असे. स्वतः कधी व्यासपीठावर चढलो नाही. पण भाषण गोष्टीनं सुरू करावं, एवढं मला पुस्तकांतून कळलं होतं. त्या वर्षी विषय होता ‘कष्ट’. मी वर्गात गोष्टी विचारल्या, आणि क्रांतीनं तिच्या वडिलांची सांगितली. शिरोलीच्या एका कारखान्यात जोतीरामची दोन बोटं तुटली होती.

मी ती लिहून घेतली आणि वर्गातल्या अभिरामला दिली. त्याचे उच्चार स्वच्छ होते. क्रांती ‘न्हाय’, ‘व्हय’ म्हणायची. परीक्षक गुण कापतील असं मला वाटलं. तिला मी विचारलंही नाही.

अभिरामनं ‘माझे बाबा’ म्हणत ती सांगितली. परीक्षकांनी डोळे पुसले, पहिला नंबर दिला. पहिल्या रांगेत त्याचे वडील दहाही बोटांनी टाळ्या वाजवत होते. मागच्या रांगेत क्रांतीनं जोतीरामला आणलं होतं. पत्रात तिनं लिहिलं होतं, ‘आबा म्हणालं, पोरानं झ्याक सांगितलं की. मग घरापर्यंत हात खिशातनं काढला न्हाई.’

मी उत्तरं लिहायचो. प्रत्येक वेळी भाषा सुंदर व्हायची, आणि मी फाडून टाकायचो.

गेल्या मंगळवारी जोतीराम गेल्याचं कळलं. रक्षाविसर्जनाला कळंब्याला गेलो. आपल्याकडे तिथं चार माणसं उभं राहून बोलतात. क्रांतीचा चुलता हंबीरराव मला म्हणाला, “सर, पोरांस्नी भाषणं शिकवणारं तुम्ही. बोला की दोन शब्द.”

मी उभा राहिलो. “जोतीराम...” म्हणालो. पुढं काही सुचेना. सगळे वाट बघत होते.

“बसा सर,” क्रांती पुढं येत म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

“मी चौथीत पास झालेली,” ती सांगू लागली. “आबा घरी आलं, एक हात टावेलात गुंडाळल्याला, दुसऱ्यात जिलबीचा पुडा. म्या इचारलं, बोटं कुठं हाईत? म्हणालं, कारखान्यात इसरली बघ. उद्या आणतो. आन् मी रोज दारात बसायची, आणत्यात काय बघायला.”

हंबीरराव आधी हसला. मग त्यानं पटक्याचा शेव तोंडावर धरला.

घरी येऊन लिहायला बसलो. ‘क्रांती, नंबर आला असता की नाही, मला आजही सांगता येत नाही. गोष्ट तुझी होती. मी ती न विचारता दुसऱ्याला दिली. हे आबांना सांगायला हवं होतं, ते राहिलं. तुझा, सर.’

वाचून पाहिलं नाही. वाचलं असतं तर फाडलं असतं. कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकलं, आणि आतमध्ये ते पडल्याचा आवाज ऐकला.