एक म्हणजे पोचलो

माह्या घरच्या माणसाचं नाव मनसाराम. गावात त्याले सारे 'मिसकॉल भाऊ' म्हणतात, अन् याले त्याचं वाईट वाटत नाई, उलटा दात काढते. पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात तलावावर मासोळ्या धरणारी बरीच घरं आहेत, पण पैसा न घालता फोन चालवाची अक्कल पहिले आपल्याच डोस्क्यात निघाली, असं तो साऱ्याईले सांगते. निघाली असन. माह्या डोस्क्याले तवापासून ताप आहे.

खूण अशी ठरली होती. एक मिस कॉल म्हणजे पोचलो. दोन म्हणजे तुमी लावा. तीन म्हणजे घ्याले या, लवकर या. डोंगा काठाले लागला का हा एक मिस कॉल द्याचा, अन् मी टोपली घेऊन तलावावर निघाची. आमचा एकुलता पोट्टा निकेश, तो चंद्रपूरले शिकाले होता तवा एस्टीतून उतरला का एक द्याचा. एकदा तिकडं त्याचा पाय मोडला. तीन आले, अन् हा माणूस जाळं पाण्यातच सोडून ओल्या कपड्यानं पळाला. खोटं काऊन बोलू, त्या तीनवर माहाही भरोसा होता. तीन आले अन् बाप गेला नाई, असं आमच्या घरी कधी झालं नाई.

मंग रिचार्जचे भाव वाढले. रिचार्ज संपला का फोन लागत नाई, अन् थोडे दिवस गेले का येतही नाई. मिस कॉल द्यालेही रिचार्ज पाहिजे, हे ऐकून या माणसाले भात गोड लागेना. शेवटी बाजारातल्या मोबाइलच्या दुकानातल्या प्रफुलनं त्याले नेटवरून फोन लावाचं ॲप दाखवलं. झालं. रिचार्ज एकाच फोनमंदी, याच्या. माह्या फोनले याच्या फोनचं हॉटस्पॉट.

"एका घरात दोन रिचार्ज म्हणजे एका डोस्क्यावर दोन टोप्या," म्हणे.

"अन् तुमी तलावावर गेले का माही टोपी तुमच्यासंगच जाते, त्याचं काय?" मी म्हटलं.

"संध्याकाळी येतो ना घरी. दिवसाचं जे आलं असन ते तवा दिसते. कुठी पळून जाते का?"

गंमत पाहा. नेटवर बोलणं फुकट, म्हणून ते ॲप घेतलं. पण हा त्याच्यावरही मिस कॉलच देते. बोललं तं नेट उडते म्हणे. अवो, उडाच्यासाठीच असते ना ते नेट. पण ऐकते कोण? अन् हळूहळू अर्ध्या गावानं याचंच पाहून तसंच केलं. घरात एक चालता फोन, बाकीचे त्याच्या भरवशावर.

औंदा निकेश तेलंगणात मिरची तोडाले गेला. आमच्याकडचे पोट्टेपोट्टी दरसाल जातात. त्यानं घुग्घुसले सिमेंटच्या कारखान्यात काम पाह्यलं होतं, पण लागलं नाई. मुकादमाच्या गाडीत चढताना मी त्याच्या थैलीत चिवडा कोंबून राह्यली होती, अन् बाप त्याले फोनचं शिकवून राह्यला होता.

"रिचार्ज मारू नोको. तिथी ठेकेदाराचं नेट भेटते, मुकादमानं सांगतलं. मायच्या फोनवर खूण देत जा. माहे हात पाण्यात राहतात."

"हाव, बा," निकेश म्हणे.

मी म्हटलं, "बेटा, एखादवेळी बोलत जा." तो हसला. बापासारखे दात आहेत त्याचे, पुढचे दोन मोठे.

पहिले पहिले तो बोले. ठेकेदार संध्याकाळी जरा वेळ नेट सोडे, तेवढ्यात माय जेवली का, बा कसा आहे, इतकं विचारे. मिरचीनं हात जळतात म्हणे, रात्रभर झोप नाई येत. मी म्हटलं, खोबऱ्याचं तेल लाव. मंग त्याचं बोलणं कमी झालं.

एका संध्याकाळी हा तलावावरून आला, रेंज भेटाले अंगणातल्या दोरीले फोन लटकवला, हॉटस्पॉट सुरू केलं. माह्या फोनमंदी टिंग झालं. निकेशचा मिस कॉल. दुपारचा. एक.

"एक आहे," हा म्हणे. "म्हणजे बरा आहे पोट्टा."

"एक म्हणजे पोचलो," मी म्हटलं. "तो तं कवाचाच पोचला. आता कुठी पोचला?"

"नवीन वावरात नेलं असन. तू उगाच जीव खाते."

मी लावून पाह्यलं. प्रफुलनं सांगतलं होतं, समोरच्याचा फोन खरंच वाजत असन तं पडद्यावर 'रिंगिंग' लिहून येते, नाई तं नुसतं 'कॉलिंग'. आपल्या कानाले मात्र दोन्ही वेळी टूं टूं ऐकू येते. मी लावला, टूं टूं झालं, 'कॉलिंग'च राह्यलं. याच्या फोनवरून साधा फोन लावा म्हटलं, तं बाई सांगते का या नंबरवर येणारे फोन बंद आहेत. रिचार्ज नोहता ना. रोज संध्याकाळी मी तेच करत राह्यली. माहा जीव लागत नोहता, अन् हा मले म्हणे, "अवो, तीन असते तं मी इथी बसलो असतो का?"

आठवडा गेला असन. गावची गाडी परत आली. तोडणी संपली होती. गाडी शाळेजवळ थांबली तशी मी अंगणातून पळाली. पोट्टी उतरल्या, पोट्टे उतरले, गाठोडे उतरले. निकेश उतरला नाई.

रीता उतरली. आमच्या शेजारची पोट्टी, निकेशच्याच टोळीत होती. मले पाहून ती जागीच थांबली. तिनं आमच्या घराकडं पाह्यलं, मंग रस्त्याकडं.

"काकू, काकाजी कुठी आहेत? निकेशले घेऊन नाई आले?"

"कुठून घेऊन येतीन?"

"ते तिकडं गेले नाईत?" रीताच्या हातातून गाठोडं खाली पडलं.

तिनं सांगतलं ते मी उभ्यानंच ऐकलं. निकेशले ताप आला. शेडमंदी पडून राहे. ठेकेदार म्हणे, तोडत नाई तं इथी काऊन झोपला. त्या दिवशी दुपारी ठेकेदाराच्या पोरानं नेट सोडलं होतं, तवा निकेशनं फोन लावला. रीता बाजूलेच होती. एकदा लावला, टूं टूं वाजलं, कापला. दुसऱ्यांदा लावला, वाजलं, कापला. तिसऱ्यांदाही. अन् फोन उशाखाली ठेवून तिले म्हणे, आता बा येते.

"तीन?" मी म्हटलं. "तू मोजले?"

"हाव, काकू. माह्या डोळ्यासमोर."

"मंग गाडीत काऊन नाई घेतलं त्याले? आजारी पोट्टा टाकून आले तुमी?"

मी तिच्यावर ओरडली. ती रडाले लागली. तिचा काय दोष होता, पण कोणावर ओरडू मंग?

"आमी ओढलं त्याले, काकू. तो उठलाच नाई. म्हणे, मी तीन देले आहेत. बा निघाला असन. मी इथून गेलो तं बा मले कुठी शोधन?"

मनसाराम मागं येऊन उभा होता, ते मले माहीत नोहतं. जाळ्याचा ओला दोर त्याच्या खांद्यावर होता. त्यानं माहा फोन माह्या हातातून घेतला, तो एक मिस कॉल काढला, अन् पाहत राह्यला.

"एकच आला, रीता," तो म्हणे. "हे पाह्य. एकच."

"तू तरी फोन कराचा होता ना," मी रीताले म्हटलं.

"माह्याही फोनमंदी रिचार्ज नाई, काकू. कोणाच्याच नोहता. ठेकेदारानं त्याच संध्याकाळपासून नेट बंद केलं."

आमी प्रफुलच्या दुकानात गेलो. तो म्हणे, भाऊ, नेटवरचं असंच असते, फोन नेटमंदी नसला तं मागून कधी सारे दिसतात, कधी एखादाच दिसते, माह्याही हातात नाई. मनसारामनं निकेशच्या नंबरवर मोठ्ठा रिचार्ज मारला. मंग माह्या नंबरवर. भाव विचारला नाई, जन्मात पहिल्यांदा. प्रफुलनं तिथूनच निकेशले लावलं. आता बाई वेगळं बोलली, फोन बंद आहे म्हणे. चार्जिंग संपली असन, प्रफुल म्हणे. शेडमंदी आता लाइनही नसन.

मुकादम गाडीसंग पुढच्या गावी निघून गेला होता, त्याचा फोन लागेना, अन् रीताले जागेचं नाव येत नोहतं. खम्ममच्या पुढं, एक कालवा, कालव्याले लागून चिंच, पत्र्याची शेड. तेवढं कागदावर लिहून घेऊन हा माणूस त्याच दिवशी निघाला. तेलुगू याले दोन शब्दही येत नाई. एस्टीत चढताना मी त्याचा हात धरला.

"मिस कॉल देऊ नोका जी. तुमच्या पाया पडते. पुरा वाजू द्या, मी उचलते. बोला."

"हाव," तो म्हणे. "बोलीन."

मी घरी फोन हातात घेऊन बसली. आता माह्या फोनमंदी रिचार्ज होता, नेट होतं, सारं होतं. भात केला, खाल्ला नाई. रीता येऊन बाजूले बसली. निकेशचा विचार केला का तो दरवाजाकडं तोंड करून झोपलेला दिसे. कोणी आलं का उठून बसत असन. बापाच्या चपलेचा आवाज त्याले ओळखू येते.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तवा फोन वाजला. मनसारामचा. मी बटन दाबाले बोट नेलं, तेवढ्यात कापला.

रीता म्हणे, "काकू, दुसरा येईन."

दुसरा आला नाई. तिसरा आला नाई. मी लावला, तं तो नेटवर्कच्या बाहेर. मंग निकेशचा लावला, तो बंद.

साऱ्या जन्माची सवय. कालवा दिसला असन, चिंच दिसली असन, अन् अंगठ्यानं आपल्या मनानं दिला असन एक. एक म्हणजे पोचलो. बाप तिथी पोचला, इतकं मले समजलं. पोट्टा तिथी आहे का, उठून बसला का, याची खूण आमी कधी ठरवलीच नोहती.

मी फोन लावत राह्यली.