आकाशाला चढलेला ताप

वेधशाळेच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी शाळेच्या सहली सोडल्या तर इथं कुत्रंही फिरकायचं नाही, आणि आज लोक जिन्याच्या कठड्यावर चढून बसले होते. भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर एक काटा, आणि काट्याखाली तेजोमहाराज.

"माझं तेज डोळ्यांना दिसत नाही," महाराज म्हणाले. "का? तर डोळे चामड्याचे. म्हणून म्हणतो, मला विचारू नका, यंत्राला विचारा. यंत्राला पोट नाही, मग ते खोटं कशाला बोलेल?" मग माइक ओठांशी नेऊन त्यांनी घोगरा सूर लावला, "ये तेजा, विराजमान हो."

काटा थरथरला आणि झरझर वर चढला. माना डोलल्या, हात जोडले गेले.

कोपऱ्यात संगणकापाशी बसलेल्या बाईंच्या कपाळाला आठी पडली. ते यंत्र त्यांचं. गच्चीवर स्टुलाएवढी पेटी, तिच्या माथ्यावर आकाशाकडे तोंड केलेली गोल खिडकी. आकाश दिवसरात्र एक उजेड टाकत असतं, उष्णतेचा, डोळ्यांना न दिसणारा. त्याला अवरक्त म्हणतात. दुर्बीण ताऱ्याकडे वळवली की हा उजेडही फुकट्या पाहुण्यासारखा आत घुसतो. तो किती, हे पेटी सांगते. तेवढा वजा केला की उरतो तो तारा. बाईंची सगळी नोकरी या वजाबाकीवर चालली होती.

पण आज त्यांना ताऱ्यांची काळजी नव्हती. पहिल्या रांगेत त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या आणि सारख्या पाणी पीत होत्या. सकाळीच त्यांनी जाहीर केलं होतं, "साखरेचं इंजेक्शन आजपासून बंद. तेजानं साखर वितळते म्हणाले महाराज."

"साखर वितळली की पाक होतो, आई. माणूस बरा होत नाही."

"तुझ्याच यंत्रावर दिसतंय ना सगळं? मग तुझं यंत्र खोटं का?"

 यंत्र खोटं नव्हतंच. फक्त काटा रोज त्याच आकड्यावर जाऊन थांबायचा. दाट ढग आले तरी आकाश इतकं तापत नाही. हा आकडा तर माणसाच्या अंगाचा. तोही, बाईंनी डोळे बारीक केले, पायजम्यातून आलेला.

महाराजांचा मौनी शिष्य वर गच्चीत साधना करायचा, दाराला आतून कडी लावून. त्याला त्रास द्यायचा नाही, असा वेधशाळेच्या साहेबांचा हुकूम होता. वर कर्णा लावलेला, महाराजांचा शब्द न् शब्द ऐकू जायचा. आणि शब्द काय, तर विराजमान हो.

तेज येतं, तेज जातं. तेज बसतं कधी?

बाई उठल्या. "महाराज, यंत्र खरं बोलतंय याची लोकांसमोर खात्री करून घेऊ? पेटीच्या खिडकीवरून धातूची एक तापवलेली पत्री सरकते. गरम म्हणजे किती गरम, याची पेटीला आठवण द्यावी लागते. नेहमीचंच काम आहे."

महाराजांची चुळबुळ झाली. पण यंत्राला पोट नाही हे तेच म्हणून बसले होते. "करा, करा," ते म्हणाले.

बाईंनी माइक घेतला. "वर कोणी असेल तर पेटीपासून लांब व्हावं. पत्री भाजते."

"माझा शिष्य पेटीपासून कोसभर लांब आहे," महाराज म्हणाले. "वर आकाशाशिवाय कोणी नाही."

"मग हरकत नाही." बाईंनी बटण दाबलं.

 मग आकाश ओरडलं, "आई गं, मेलो."

गच्चीची कडी वाजली, जिन्यावर धडधड झाली आणि कित्येक महिन्यांचं मौन दोन्ही हातांनी मागे धरून शिष्य दालनात आला. पायजम्यावर मागे पत्रीचा तांबूस गोल उमटला होता.

"तेज सोसलं नाही बिचाऱ्याला," महाराज सावरून घेत म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात विराजमान हो," शिष्य कळवळला. "प्रस्थान कर म्हणाला असता तर उठलो नसतो का?"

बाई लोकांकडे वळल्या. "आकाशाच्या या उजेडाला आम्ही पार्श्वभूमी म्हणतो. इतके दिवस तुम्ही पाहिलात तो पार्श्वभाग."

हशा ओसरेपर्यंत महाराजांनी मागचं दार गाठलं. पण सासूबाई सहजी मानणाऱ्यातल्या नव्हत्या. गुडघे धरत त्या स्वतः गच्चीवर गेल्या, मागोमाग बाई. पत्री बाजूला सरकवून घेऊन त्यांनी खिडकीवर तळहात धरला. खाली पडद्यावर काटा चढला, लोक ओरडले. हात काढला, काटा उतरला. मग त्यांनी कोणाची तरी चहाची किटली मागवली. काटा तिच्यावर महाराजांपेक्षा जास्त प्रसन्न झाला.

"म्हणजे मलाही तेज आहे?"

"जे जे गरम, त्याला आहे, आई. तुम्हाला, मला, किटलीला. त्यानं साखर उतरत नाही."

"आणि मी रोज त्या मेल्याच्या बुडाला हात जोडत होते."

"सगळेच जोडत होते."

 सासूबाईंनी बाही वर सरकवली. "आण ते इंजेक्शन. पर्समध्ये घेऊन फिरतेयस, माहितेय मला."

महाराज आता दुसऱ्या कुठल्या तरी गावात, दुसऱ्या कुठल्या तरी यंत्राखाली उभे असतील. तुमच्याकडे आले तर चमत्कार जरूर बघा. काटा खरा असतो, चढतोही खराच. फक्त हात जोडायच्या आधी, औषध बंद करायच्या आधी, एकदा जिना चढून वर जा आणि पेटीवर कोण बसलंय ते बघून या.